रस्त्याची एक कड तरी चालणाऱ्यांची

भिवंडी तालुक्यात रस्त्यांवर जेवढं बोललं जातं तेवढं दुसऱ्या कशावर बोललं जात नसेल. वाडा रस्त्याचे खड्डे, माणकोलीची कोंडी, अंजूरफाट्याला लागलेली ट्रकची रांग. पण हे सगळं बोलणं गाडीत बसलेल्या माणसाचं. एसटीतून उतरून गावात शिरणारी आजी, दप्तर घेऊन निघालेली पोरं, गोदामातली पाळी सुटल्यावर घोळक्याने घराकडे निघालेल्या बाया यांच्या वाटेचा विषय निघत नाही. निघालाच, तर उत्तर ठरलेलं: पेव्हर ब्लॉक बसवून देऊ.

पेव्हर ब्लॉकने हा प्रश्न सुटत नाही. गावोगाव ते बसलेलेच आहेत. देवळासमोर थोडे, ग्रामपंचायत कार्यालयाच्या दारात थोडे, एखाद्या सदस्याच्या आळीत बरेच. पण शाळेपासून थांब्यापर्यंत सलग चालत जाता येईल अशी पट्टी शोधायला गेलात तर मिळणार नाही. मध्ये कुठेतरी गटार उघडं असतं, कुठे दुकानाची पायरी पुढे आलेली असते, कुठे ट्रक उभा असतो. तेवढ्या चार पावलांसाठी माणूस रस्त्यात उतरतो, आणि गाडीखाली येतो तो नेमका तिथेच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाचातला जवळपास एक.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: सगळं गाव एकदम सुधारायला जाऊ नका. एक वाट निवडा, तिची एकच बाजू घ्या, आणि ती बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी करा. दोन्ही बाजूंना तुकड्यातुकड्याने केलेल्या कामापेक्षा एका बाजूची अखंड कड कितीतरी जास्त उपयोगाची असते.

वाट कुठली निवडायची? आपल्याकडे गावाचा मध्य सरकलेला आहे. पूर्वी तो देवळाजवळ, चावडीजवळ होता. आता तो नाक्यावर आलाय. अंबाडी, पडघा, अनगाव, काल्हेर, कुठेही बघा. औषधाचं दुकान, एटीएम, रिक्षा स्टँड, वडापावची गाडी, सगळं मोठ्या रस्त्याला चिकटलेलं. जुन्या गावठाणातल्या गल्ल्या अरुंद असतात, पण तिथे चालणं अवघड नाही. अरुंद गल्लीत गाडीवाल्याला आपसूक हळू यावं लागतं. त्रास सुरू होतो तो गावठाण संपून नाका लागतो तिथे. हाच शेवटचा दोन-तीनशे मीटरचा तुकडा आपल्याला घ्यायचाय. त्याच्या एका टोकाला थांबा, दुसऱ्याला शाळा किंवा आरोग्य केंद्र असेल तर उत्तम.

आता मोजणी. त्यासाठी अभियंता लागत नाही. प्लंबरकडून १.८ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनेत, आयआरसी १०३ मध्ये, पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितलेली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तरी कुणाला खाली उतरावं लागू नये एवढी ती रुंदी. दोघांनी पाइपाची दोन टोकं धरून तो आडवा ठेवायचा आणि कडेकडेने चालत सुटायचं. पाइप जिथे अडेल तिथे थांबून वहीत लिहायचं आणि फोटो काढायचा.

पहिल्या पन्नास पावलांतच वही भरू लागते. किराणा दुकानाचा ओटा पुढे, त्याच्यापुढे दोन पायऱ्या, पायरीला टेकून गॅसचं रिकामं सिलिंडर. पुढे विजेचा खांब आणि त्याच्या ताणाची तार, नेमकी पोराच्या कपाळाच्या उंचीवर. मग गटाराचं झाकण. कोपरा फुटलेला, आतल्या सळईचं टोक वर आलेलं, आणि कुणीतरी शहाणपणाने त्यावर झाडाची फांदी खोचून ठेवलेली. मग एका रांगेत सहा मोटारसायकली. मग बॅनरचे बांबू, वाढदिवस होऊन महिना झाला तरी तिथेच. यात पैसे खर्चून करायची कामं फार थोडी आहेत, हे वही वाचताना तुमच्याच लक्षात येईल. निम्म्याहून जास्त नोंदी ‘उचलणे’, ‘सरकवणे’, ‘कापणे’ एवढ्याच असतात.

ही फेरी दोनदा करा. एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत भर पावसात. उन्हाळ्यात छान दिसणारी साईडपट्टी पावसात चिखलाची नाहीतर तळ्याची होते, आणि सावलीतल्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरून बर्फासारखं घसरतं. एक फेरी अंधार पडल्यावरही हवी. आणि सोबत कोण असावं? एखादी आजी, एखादी बाई जिच्या कडेवर मूल आहे, जमलं तर काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारा माणूस. तरण्याताठ्या कार्यकर्त्यांनी केलेल्या पाहणीत पायऱ्या दिसतच नाहीत. ते उडी मारून पुढे जातात.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात चिवट आहे: हा रस्ता नक्की कुणाचा? आपल्या तालुक्यात एका नाक्यावर चार कार्यालयांचे रस्ते भेटतात. ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला तर ते बांधकाम खात्याकडे बोट दाखवतात, बांधकाम खातं एमएमआरडीएकडे, आणि वर्ष निघून जातं. याची उकल रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडापासून करा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. दगडच गायब असेल, तर ग्रामपंचायतीत नमुना २३ मागा. ती रस्त्यांची नोंदवही असते. पंचायतीच्या ताब्यातला प्रत्येक रस्ता त्यात असायला हवा. नसेल, तर तो चढवून घेणं हेच पहिलं काम. गावठाणाची मोजणी झालेली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढा. गल्लीची मूळ रुंदी त्यावर दिसते, आणि कुणाचा ओटा कुठपर्यंत आलाय हा वाद नकाशा समोर असला की लवकर मिटतो. कार्यालयात टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मालक कळला की कडेच्या कामाकडे वळू. गावाच्या रस्त्याला शहरासारखा उंच पदपथ शक्यतो मागूच नका. त्यावर मोटारसायकली चढतात, म्हातारी माणसं चढत नाहीत. पदपथ करायचाच झाला तर त्याची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको, म्हणजे आपली नेहमीची वीट आडवी ठेवून एकावर एक दोन विटा, बस. आणि जिथे उतार द्यायचा तिथे एकास बाराचा. १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा रॅम्प. म्हणजे तुमच्या त्याच पाइपाएवढा. दुकानदार दारात जो खडा उतार करून ठेवतात तो मोटारसायकल चढवण्यासाठी असतो, त्याला रॅम्प म्हणू नये.

गावात सहज हाताशी असलेली जागा म्हणजे गटार. उघड्या गटारावर आरसीसी स्लॅब टाकला की अर्धा-पाऊण मीटर रुंदी फुकटात मिळते. साईडपट्टीचा भाग त्याला जोडला की आपली १.८ मीटर पुरी होते. फक्त तीन गोष्टी अंदाजपत्रकात लिहून घ्या. स्लॅबची पातळी रस्त्याच्या कडेशी जुळती हवी, पाणी आत जायला ठरावीक अंतरावर तोंडं हवीत, आणि गाळ काढण्यासाठी उचलता येणारी झाकणं हवीत, तीही पाय न अडकणाऱ्या कड्यांची. हे लिहिलेलं नसलं की पहिल्याच पावसाळ्यात गाळ काढायला स्लॅब फोडतात आणि मग तो तसाच राहतो.

काँक्रीटीकरणाबद्दल एक वेगळी सूचना. गावात काँक्रीट रस्ता येणार म्हटलं की सगळे खूश होतात, आणि मीही त्याविरुद्ध नाही. पण जुना थर न खोदता त्यावर नवा थर चढवला की रस्ता वर आणि घरं खाली जातात. रस्त्याची कड हातभर उंच भिंतीसारखी होते; चालणारा ना वर राहू शकतो ना खाली. पावसाचं पाणी लोकांच्या उंबऱ्यात येतं ते निराळंच. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी दोन गोष्टी विचारा: तयार रस्त्याची पातळी घरांच्या जोत्यापेक्षा किती वर असेल, आणि साईडपट्टीचा भराव याच कामात आहे की नाही. साईडपट्टी ‘नंतर बघू’ म्हणून सोडली, तर ती कधीच होत नाही.

आता वेग. रस्ता ओलांडायची जागा कुठे हवी हे लोकांच्या पायांना माहीत असतं. शाळेच्या फाटकासमोर, थांब्याच्या दोन्ही बाजूंना. तिथेच पट्टे मारा, पन्नास मीटर पुढे ‘सोयीच्या’ जागी नको. नुसत्या पट्ट्यांना मात्र आपल्याकडे कुणी जुमानत नाही, तेव्हा गतिरोधक हवा. तोही गावातली पोरं रात्रीतून डांबराचा ढिगारा टाकून करतात तसला नको. आयआरसीच्या मापाने गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जाते, त्याहून जोरात गेली तर दणका बसतो. अरुंद आणि उंच ढिगाऱ्यावर उलट होतं: जोरात जाणाऱ्या ट्रकला फारसं जाणवत नाही आणि रिक्षातल्या गरोदर बाईचे हाल होतात. आधी ४० मीटरवर सूचनाफलक आणि वर पांढरे पट्टे पाहिजेतच. जागा पुरेशी असेल तर ओलांडायचा पट्टाच उंच, सपाट माथ्याचा करून घ्या. माणूस पातळी न बदलता ओलांडतो आणि गाडी हळू होते. राष्ट्रीय महामार्गावर मात्र गतिरोधक मागू नका, तो मिळणार नाही. तिथे भुयारी मार्ग, पादचारी पूल, दुभाजकातली जागा आणि प्रकाश यांवर जोर द्या. आणि कड तयार होईपर्यंत मुलांना एक सवय लावा: पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं चालायचं.

भिवंडीच्या गावांचा खास प्रश्न कंटेनरचा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, सोनाळे या पट्ट्यात गोदामांनी रोजगार दिला, ग्रामपंचायतींना घरपट्टी दिली, आणि रस्त्याची कडही खाऊन टाकली. माल उतरवण्याच्या पाळीची वाट बघत गाड्या कडेलाच उभ्या राहतात. ‘अवजड वाहनं बंद करा’ असा अर्ज करू नका. तो सरळ फेटाळला जातो, आणि गावातल्याच टेम्पोवाल्यांचं पोट त्यावर असतं. मागणी नेमकी ठेवा: शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास या अमुक तुकड्यातून अवजड वाहनांना बंदी, आणि अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत वाहन उभं करण्यास मनाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली असे निर्बंध घालता येतात, ११६ खाली फलक लागतात. अर्ज कुणाकडे द्यायचा ते पोलीस ठाण्यावर ठरतं. नारपोली, कोनगाव ही ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, तर पडघा, गणेशपुरी आणि भिवंडी तालुका ही ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. चुकीच्या दारात गेलात तर अर्ज फिरत राहतो. त्याच वेळी गोदामवाल्यांशीही बसा. आपल्या आवारात गाडी घ्यायची जागा नसताना गाडी बोलवायची नाही, एवढं त्यांनी मान्य केलं तरी निम्मी कड मोकळी होते. बहुतेकांना हे कुणी कधी विचारलेलंच नसतं.

अतिक्रमणाचा विषय टाळून चालणार नाही, पण त्याची सुरुवात भाजीवालीपासून करू नका. गावात अतिक्रमण हटवायचं म्हटलं की पहिली पाटी तिचीच उचलली जाते आणि पक्क्या पायऱ्या, पत्र्याच्या शेडी जिथल्या तिथे राहतात. खरं तर संध्याकाळी भाजीवाल्या बसलेल्या असतात तिथून बायका निर्धास्तपणे चालतात. त्यांना कडेच्या आतल्या बाजूला, एका रांगेत जागा आखून द्या. चालायची पट्टी सुटली म्हणजे झालं. पक्क्या बांधकामासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला त्यात दिलेला आहे, आणि पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. सदस्यांना आणखी एका कलमाची आठवण करून द्यावी लागते. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस कलम १४ खाली सदस्यत्वाला अपात्र ठरतो, आणि कुटुंबाच्या अतिक्रमणाचाही यात विचार होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. हे धमकी म्हणून वापरू नका. ग्रामसभेत सहज वाचून दाखवलं तरी काही पायऱ्या आपोआप मागे जातात.

गावकऱ्यांना या वाटेवरून काही वेळ गाड्या बाहेर ठेवायची कल्पना पटत नसेल, तर आदेशाने काही होत नाही. एक दिवस करून दाखवावं लागतं. पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला, तो याच विचाराने. आपल्याकडे वज्रेश्वरीसारख्या गावात, देवळाच्या पायथ्याशी, दुकानं आणि भाविक एकाच रस्त्यावर असतात. तिथे यात्रेखेरीज एखाद्या साध्या रविवारी असा प्रयोग करता येईल. धंदा बसेल ही दुकानदारांची पहिली भीती असते. त्यांना त्या दिवसाचा गल्ला त्यांचा त्यांनीच मोजू द्या. माथेरानची गोष्ट सोडा, तिथे दस्तुरी नाक्यापुढे बाहेरची गाडी जातच नाही आणि तरी गाव चालतं. पण ते थंड हवेचं ठिकाण आहे, आपल्याकडे माल यायचाच.

खांबांचं आणि दिव्यांचं थोडक्यात. वाटेच्या मधोमध आलेला खांब किंवा डीपी हलवायला वीज कंपनीकडे अर्ज लागतो. भिवंडी परिसरात २००७ पासून वीजवितरण टोरंट पॉवरकडे दिलं गेलं. खांबावरचा दिवा मात्र पंचायतीचा. दिवे मागताना ‘गावात दिवे लावा’ म्हणू नका, वहीतल्या अंधाऱ्या जागांचे खांब क्रमांक द्या. काशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा या भागातल्या गावांनी तर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या स्थानकांपासून गावठाणापर्यंतची पायवाट एमएमआरडीएकडे आत्तापासूनच लेखी मागितली पाहिजे. स्थानकाचा जिना उतरला की पुढे काय, हा प्रश्न नंतर विचारून उपयोग नसतो.

पैसा आहे, पण तो मागावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती; कडेचं काम अबंधितात बसायचं, आणि बंदिस्त गटार सांडपाण्याच्या कामात घेता येईल का ते ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना विचारायचं. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ, तेव्हा अटी ताज्या विचारून घ्या. आमदारांकडून २५१५ या लेखाशीर्षाचा निधी, जिल्हा परिषदेकडून जनसुविधा, आदिवासी पाड्यासाठी ठक्कर बाप्पा योजना, हे मार्गही आहेत. पंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी राखावा लागतो. रॅम्प आणि कठड्यांची मागणी तिथे मांडा. कुठल्याही शीर्षातून पैसा आला तरी ‘रस्ता सुधारणा’ असं मोघम नाव देऊ देऊ नका. ‘एसटी थांबा ते जिल्हा परिषद शाळा, डावी बाजू, पादचारी पट्टी, लांबी इतके मीटर, मोकळी रुंदी १.८ मीटर’ असं नाव असेल, तर काम झाल्यावर कुणीही पाइप घेऊन तपासू शकतो.

हे सगळं ‘आमचा गाव आमचा विकास’ आराखड्यात यायला हवं, आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. विषय आधी तिथे न्या, कारण गावात सगळ्यात जास्त पायी फिरतं कोण हे वेगळं सांगायला नको. वहीतले फोटो मोठे छापून भिंतीला लावा. अडचण आलीच तर १४ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घ्या. पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं न्यायालयाने त्यात म्हटलंय. ठराव मंजूर झाला की इतिवृत्तात कामाचं पूर्ण नाव आणि मापं आली आहेत का ते सही करण्याआधी वाचा, आणि सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या. बांधकाम विभाग असो, पोलीस असोत की वीज कंपनी, पुढच्या प्रत्येक अर्जाला तीच जोडावी लागणार आहे.